नारायण सीताराम फडके

नारायण सीताराम फडके (४ ऑगस्ट १८९४ – २२ ऑक्टोबर १९७८) हे मराठी कादंबरीकार, कथाकार, लघुनिबंधकार, साहित्यसमीक्षक आणि तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. ना. सी. फडके या नावाने ते परिचित आहेत. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांनी १९२६ ते १९४९ या काळात अध्यापन केले. लोकप्रिय कादंबरीकार ही त्यांची मुख्य ओळख असली, तरी भारताची लोकसंख्या, विवाहाचे वय आणि संततिनियमन या प्रश्नांवर ग्रंथलेखन करणाऱ्या आरंभीच्या भारतीय लेखकांतही त्यांची गणना होते. या विषयावरील त्यांचा 'सेक्स प्रॉब्लेम इन इंडिया' हा इंग्रजी ग्रंथ १९२७ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील संततिनियमन चळवळीच्या नेत्या मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना त्याला लाभली होती.

जन्म आणि शिक्षण

फडके यांचा जन्म कर्जत येथे झाला. त्यांचे उच्च शिक्षण पुण्यात झाले आणि १९१७ मध्ये त्यांनी एम.ए. ही पदवी मिळवली. तत्त्वज्ञान हा त्यांच्या अध्ययनाचा विषय होता. विद्यार्थिदशेतच त्यांच्या लेखनाला प्रारंभ झाला. 'मेणाचा ठसा' ही त्यांची पहिली कथा १९१२ मध्ये 'केरळकोकिळ' मासिकात छापून आली. 'अल्ला हो अकबर!' ही पहिली कादंबरी १९१७ मध्ये प्रसिद्ध झाली. ती मेरी कॉरेली या इंग्रज लेखिकेच्या कादंबरीवर आधारलेली होती.

पुण्यातील न्यू पूना कॉलेज (आताचे सर परशुरामभाऊ महाविद्यालय) येथून त्यांच्या प्राध्यापकीची सुरुवात झाली. त्यानंतर दिल्ली, सिंधमधील हैदराबाद आणि नागपूर येथे त्यांनी अध्यापन केले. १९२६ मध्ये ते कोल्हापूरला आले, तेव्हा त्यांचे वय ३२ वर्षांचे होते.

कोल्हापुरातील वास्तव्य

राजाराम महाविद्यालय ही कोल्हापूर संस्थानची शिक्षणसंस्था होती. छत्रपती शाहू महाराजांच्या निधनानंतर १९२२ मध्ये गादीवर आलेले राजाराम महाराज त्या वेळी संस्थानाधिपती होते आणि इतिहासकार डॉ. बाळकृष्ण हे महाविद्यालयाचे प्राचार्य होते. पुढे कवी माधव जूलियन हेही येथे फारसीचे प्राध्यापक म्हणून आले. फडके यांच्याकडे तत्त्वज्ञानाच्या अध्यापनाचे काम होते.

फडके आले तेव्हा कोल्हापुरात विवाह आणि शिक्षण यांविषयीचे सुधारणाकार्य नवे नव्हते. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा जाहीरनामा काढला होता. त्याच वर्षी विधवापुनर्विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यात आली. त्यानंतर आंतरजातीय विवाह व विवाहनोंदणी यांसंबंधीचे नियम झाले. या सुधारणांचा रोख जातिभेद आणि स्त्रियांवरील अन्याय यांवर होता. लोकसंख्येची वाढ हा तेव्हा संस्थानापुढील प्रश्न नव्हता. किंबहुना संस्थानची लोकसंख्या त्या काळात घटली होती. १९०१ च्या जनगणनेत ती सुमारे ९ लाख १० हजार होती. प्लेगच्या साथी आणि १९१८ चा इन्फ्लुएन्झा यांनंतर, १९२१ च्या जनगणनेत, ती सव्वाआठ लाखांच्या थोडी वर भरली. त्यापुढच्या दहा वर्षांत मात्र ती साडेनऊ लाखांच्या पुढे गेली आणि १९४१ मध्ये तिने दहा लाखांचा आकडा ओलांडला. फडके यांच्या कोल्हापुरातील वास्तव्याचा काळ हा अशा प्रकारे घट थांबून वाढ सुरू होण्याचा काळ होता.

तत्कालीन लोकसंख्येची स्थिती

कोल्हापुरात दिसलेला हा बदल देशभर होत होता. अखंड हिंदुस्थानची लोकसंख्या १९११ मध्ये सुमारे ३१.५ कोटी आणि १९२१ मध्ये सुमारे ३१.९ कोटी होती. दहा वर्षांतील वाढ जेमतेम एक टक्क्याची होती. १९३१ मध्ये हा आकडा ३५ कोटींच्या पुढे गेला व दशकातील वाढ दहा टक्क्यांहून अधिक झाली. म्हणून १९२१ हे वर्ष भारताच्या लोकसंख्येच्या इतिहासात महाविभाजक वर्ष मानले जाते.

जन्म वाढले म्हणून ही वाढ झाली नाही. जनगणनांवरून काढलेल्या अंदाजांनुसार १९११ ते १९२१ या दशकात दर हजार लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे ४८ जन्म आणि ४७ मृत्यू होत. पुढील दशकात जन्मांचे प्रमाण किंचित घटून सुमारे ४६ झाले. मृत्यूंचे प्रमाण मात्र ३६ पर्यंत खाली आले. मोठ्या साथी व व्यापक दुष्काळ यांचा जोर ओसरल्याने हे अंतर पडले. तरीही मृत्यूचे प्रमाण फारच मोठे होते. जन्माच्या वेळचे सरासरी आयुर्मान सुमारे २७ वर्षे होते आणि एक वर्षाच्या आत दगावणाऱ्या बालकांची संख्या मोठी होती.

अशा समाजाची वयोरचना पायाशी रुंद आणि वर झपाट्याने निमुळती होत जाणारी असते. तत्कालीन भारतात सुमारे ४० टक्के लोक १५ वर्षांखालील होते. बालमृत्यू घटू लागले की या रुंद पायातील अधिक मुले तारुण्यापर्यंत पोहोचतात, त्यांचे विवाह होतात आणि प्रत्येक कुटुंबातील अपत्यांची संख्या पूर्वीइतकीच किंवा थोडी कमी राहिली, तरी एकूण जन्मांची संख्या वाढत जाते. विसाव्या शतकात विकसनशील देशांत झालेल्या झपाट्याच्या लोकसंख्यावाढीचे हेच मुख्य कारण होते. भारतात या प्रक्रियेचा आरंभ १९२० च्या दशकात झाला. त्या वेळच्या लेखकांना मात्र ती आजच्याइतकी स्पष्ट दिसत नव्हती. त्यांच्यासमोर होती ती लहान वयातील लग्ने, वारंवारची बाळंतपणे, अकाली मृत्यू आणि दारिद्र्य.

भारतात या प्रश्नाची चर्चा प्यारे किशन वट्टल यांच्या १९१६ मधील पुस्तकापासून ठळकपणे सुरू झाली होती. महाराष्ट्रात रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२३ मध्ये 'संततिनियमन : विचार व आचार' हे मराठी पुस्तक लिहिले. फडके यांचा ग्रंथ या पार्श्वभूमीवर आला.

'सेक्स प्रॉब्लेम इन इंडिया' (१९२७)

कोल्हापूरला आल्यानंतर वर्षभराने हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मुंबईच्या तारापोरवाला प्रकाशनसंस्थेने तो काढला आणि १९२९ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. भारतात सुप्रजाशास्त्राची चळवळ व्हावी असे आवाहन करणे हा आपला हेतू असल्याचे त्याच्या उपशीर्षकातच नमूद केलेले होते.

सुप्रजाशास्त्र ही संकल्पना इंग्लंडमधील फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८३ मध्ये मांडली होती. मानवी गुणदोष प्रामुख्याने आनुवंशिक असतात, म्हणून चांगल्या वंशाच्या माणसांना अधिक आणि इतरांना कमी संतती व्हावी, असे तिचे सूत्र होते. १९२० च्या दशकात युरोप व अमेरिकेत ती विज्ञान म्हणून प्रतिष्ठित होती. फडके यांचा ग्रंथ निघाला त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'बक विरुद्ध बेल' या खटल्यात, अपात्र ठरवलेल्या व्यक्तींच्या सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा वैध ठरवला.

फडके यांनी ही संकल्पना भारतीय परिस्थितीला लावून पाहिली. प्राचीन भारतीयांच्या विवाहविषयक नियमांमागे सुप्रजेचा विचार होता, तो पुढे लोपला आणि बालविवाहासारख्या रूढी बळावल्या, अशी त्यांची मांडणी होती. विवाहाचे वय वाढवणे, लैंगिक विषयांचे शास्त्रीय ज्ञान तरुणांना देणे आणि कृत्रिम साधनांनी संततिनियमन करणे हे उपाय त्यांनी पुरस्कारले. भारतातील अल्प आयुर्मान व मोठे बालमृत्यूप्रमाण यांचा संबंध त्यांनी अतिसंततीशी जोडला.

ग्रंथ इंग्रजीत असल्याने त्याचा वाचकवर्ग देशभरातील उच्चशिक्षित आणि परदेशातील संततिनियमनवादी असा होता. सँगर यांच्या प्रस्तावनेमुळे त्याला आंतरराष्ट्रीय संदर्भ मिळाला. त्या काळात महात्मा गांधी कृत्रिम साधनांना विरोध करून ब्रह्मचर्याचा मार्ग सांगत होते. सँगर यांनी भारतदौऱ्यात डिसेंबर १९३५ मध्ये वर्ध्याला जाऊन गांधीजींशी या विषयावर चर्चा केली, परंतु त्यांचे मतपरिवर्तन झाले नाही. कृत्रिम साधनांचा पुरस्कार करणाऱ्या फडके यांची भूमिका गांधीजींच्या मताच्या उलट बाजूची होती.

रघुनाथ कर्वे यांच्या भूमिकेशी तुलना

१९२७ हे वर्ष मराठी समाजातील संततिनियमनाच्या चर्चेत दोन कारणांनी महत्त्वाचे ठरते. फडके यांचा इंग्रजी ग्रंथ त्या वर्षी आला आणि जुलै महिन्यात कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मराठी मासिक सुरू केले. दोघेही प्राध्यापक होते आणि दोघांनी सुचवलेली साधने बहुतांशी समान होती. त्यांची उद्दिष्टे व वाटा मात्र वेगळ्या होत्या.

कर्वे यांच्या विचारात व्यक्तिस्वातंत्र्य केंद्रस्थानी होते. किती मुले व्हावीत आणि व्हावीत की नाही हे स्त्रीने स्वतः ठरवावे, असे ते मानत. त्यांनी मराठीत लिहिले, साधनांची माहिती थेट सामान्य जोडप्यांना दिली आणि त्याची किंमतही मोजली. मुंबईतील विल्सन महाविद्यालयातील गणिताची प्राध्यापकी त्यांना सोडावी लागली. 'समाजस्वास्थ्य'मधील लेखनाबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले व दंडही झाला. १९३४ मधील खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली.

फडके यांच्या ग्रंथात व्यक्तीपेक्षा वंशाचा विचार पुढे होता. त्यांचा ग्रंथ बाळगणारा वाचक आधीच सुशिक्षित होता. ज्यांची बाळंतपणे कमी व्हावीत असे ग्रंथात म्हटले होते, त्या बहुसंख्य स्त्रियांपर्यंत तो पोहोचण्याची शक्यता नव्हती. फडके कोल्हापुरात १९४९ पर्यंत अध्यापन करीत राहिले.

याच प्रश्नाकडे पाहण्याचा तिसरा दृष्टिकोन १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत मांडला गेला. डॉ. आंबेडकर यांच्या वतीने प्रभाकर जनार्दन रोहम यांनी १० नोव्हेंबर रोजी संततिनियमनाच्या सोयी सरकारने उपलब्ध कराव्यात असा ठराव आणला. गरीब कुटुंबांची आर्थिक स्थिती व स्त्रियांचे आरोग्य हे त्यामागील आधार होते. ११ विरुद्ध ५२ मतांनी तो फेटाळला गेला.

विवाहवयाचा कायदा आणि संस्थाने

फडके यांनी पुरस्कारलेल्या उपायांपैकी विवाहाचे वय वाढवण्याच्या उपायाला लवकरच कायद्याचे रूप मिळाले. १९२९ मध्ये बालविवाह प्रतिबंधक कायदा, म्हणजे शारदा कायदा, संमत झाला. मुलींसाठी १४ आणि मुलांसाठी १८ ही किमान वये त्यात ठरवण्यात आली. १ एप्रिल १९३० रोजी तो अमलात येण्यापूर्वी देशभर घाईने मोठ्या संख्येने बालविवाह उरकण्यात आले. त्याचा परिणाम १९३१ च्या जनगणनेतील विवाहित मुलींच्या आकड्यांत दिसून आला. हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानपुरता होता. कोल्हापूरसारख्या संस्थानांना तो आपोआप लागू होत नव्हता.

साहित्य

कोल्हापुरातील काळ हा फडके यांच्या साहित्यनिर्मितीच्या भराचा काळ होता. 'कुलाब्याची दांडी' (१९२५) या कादंबरीने मिळालेली लोकप्रियता 'जादूगार' (१९२८), 'दौलत' (१९२९) आणि 'अटकेपार' (१९३१) या कादंबऱ्यांनी दृढ केली. त्यांच्या कादंबऱ्यांची संख्या सत्तरच्या घरात आहे. 'प्रतिभासाधन' (१९३१) या ग्रंथात त्यांनी कथा-कादंबरीच्या तंत्राचे विवेचन केले. 'रत्नाकर' मासिकातील 'गुजगोष्टी' या लेखनाने मराठीत लघुनिबंध हा प्रकार रुजवण्यास हातभार लावला.

त्यांच्या कादंबऱ्यांचे विश्व शहरी मध्यमवर्गीय व प्रणयप्रधान आहे. सुशिक्षित तरुण-तरुणी एकमेकांना भेटतात, पारखतात आणि स्वतःच्या इच्छेने जोडीदार निवडतात, हे त्यांचे नेहमीचे कथासूत्र होय. मुलींची लग्ने चौदाव्या वर्षाच्या आतबाहेर होत असलेल्या समाजात महाविद्यालयात शिकणारी, अविवाहित आणि स्वतःचे मत असणारी नायिका ही नवी होती. लोकसंख्येची चर्चा या कादंबऱ्यांत नाही. परंतु उशिरा व स्वेच्छेने होणाऱ्या विवाहाची कल्पना त्यांनी ज्या मोठ्या मराठी वाचकवर्गापर्यंत नेली, तेवढा वाचकवर्ग त्यांच्या इंग्रजी ग्रंथाला मिळणे शक्य नव्हते.

कलेचे प्रयोजन आनंद हेच होय, अशी भूमिका घेऊन त्यांनी कलेसाठी कला या मताचा पुरस्कार केला. जीवनासाठी कला हे मत मांडणारे वि. स. खांडेकर हेही १९३८ पासून कोल्हापुरात राहत होते. या दोघांभोवती झालेला वाद मराठी समीक्षेत प्रसिद्ध आहे. १९४० मध्ये रत्नागिरी येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे फडके अध्यक्ष होते.

उत्तरायुष्य

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी फडके यांची राजाराम महाविद्यालयातील कारकीर्द संपली. त्यानंतर त्यांचे वास्तव्य पुण्यात होते. त्यांच्या पत्नी कमला फडके याही कादंबरीकार होत्या. 'माझं जीवन : एक कादंबरी' हे फडके यांचे आत्मचरित्र आहे. भारत सरकारने १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब दिला.

त्यांच्या हयातीतच संततिनियमन हा मोजक्या लेखकांचा विषय न राहता सरकारी धोरण झाला. भारताने १९५२ मध्ये राष्ट्रीय पातळीवर कुटुंबनियोजन कार्यक्रम हाती घेतला. त्याच वर्षी मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला सँगर उपस्थित होत्या. या काळात मृत्यूप्रमाण वेगाने घटत गेले. भारताची लोकसंख्या १९५१ मध्ये ३६.१ कोटी होती, ती १९७१ मध्ये ५४.८ कोटी झाली.

आणीबाणीत या कार्यक्रमाला सक्तीचे वळण लागले. १९७६-७७ या वर्षात देशात सुमारे ८३ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले, मात्र राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. १९७८ मध्ये विवाहाची किमान वये मुलींसाठी १८ व मुलांसाठी २१ करण्यात आली. त्याच वर्षी २२ ऑक्टोबर रोजी फडके यांचे निधन झाले.

मूल्यमापन

फडके यांच्या ग्रंथातील दोन विचारसूत्रांचे पुढे वेगवेगळे झाले. विवाहाचे वय, लैंगिक शिक्षण आणि संततिनियमनाची साधने यांबाबतच्या त्यांच्या सूचना कालांतराने सर्वमान्य झाल्या. कोणी संतती जन्माला घालावी हे वंशाच्या गुणवत्तेवरून ठरवण्याची कल्पना मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर शास्त्रीय व नैतिक अशा दोन्ही दृष्टींनी अमान्य ठरली. १९३३ मधील जर्मनीच्या निर्बीजीकरण कायद्याने आणि त्यानंतरच्या अत्याचारांनी तिचे परिणाम जगासमोर आले. दारिद्र्य, कुपोषण व साथींचे परिणाम आनुवंशिक दोष समजले जात होते, हेही पुढील संशोधनाने दाखवून दिले. आयुर्मान वाढले ते वंश बदलल्याने नव्हे, तर पाणी, लसीकरण, औषधे आणि अन्नपुरवठा यांत सुधारणा झाल्याने.

संजम अहलुवालिया यांच्या 'रिप्रॉडक्टिव्ह रिस्ट्रेंट्स' (२००८) या भारतातील संततिनियमनाच्या इतिहासावरील पुस्तकात फडके यांच्या लेखनाची चर्चा आहे. आरंभीचे भारतीय संततिनियमनवादी बहुतेक उच्चवर्णीय व सुशिक्षित होते आणि गरीब स्त्रियांच्या गरजांपेक्षा राष्ट्राच्या वा वंशाच्या बळाची चिंता त्यांच्या लेखनात अधिक होती, असा निष्कर्ष अशा अभ्यासांतून पुढे आला आहे. मराठी समीक्षेत मात्र फडके यांचा विचार प्रामुख्याने कादंबरीकार म्हणूनच झाला आहे.

फडके ज्या कोल्हापुरात राहून हा ग्रंथ प्रसिद्ध करीत होते, तेथे लहान कुटुंब पुढे सर्वमान्य झाले. २००१ ते २०११ या दशकात कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३५,२३,१६२ वरून ३८,७६,००१ झाली, म्हणजे वाढ दहा टक्क्यांपुरती राहिली. मात्र २००१ च्या जनगणनेत जिल्ह्यातील शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलग्यांमागे केवळ ८३९ मुली आढळल्या. राज्याची सरासरी त्या वेळी ९१३ होती. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी झालेल्या प्रयत्नांनंतर २०११ मध्ये जिल्ह्यातील हे प्रमाण ८६३ पर्यंत सुधारले. मुले कमी हवीत हा निर्णय कुटुंबांनी स्वीकारला, परंतु कोणते मूल हवे याची निवडही त्याबरोबर आली आणि वयोरचनेच्या पायाशी मुलींची संख्या घटली. सुप्रजाशास्त्राचा पुरस्कार झाला त्या काळी या प्रकारच्या निवडीचे तंत्र अस्तित्वात नव्हते.